पर्जन्य, पीक आणि पोषण

पूर्वी आपल्याकडे पत्राच्या शेवटी ‘इकडील पाऊसपाणी ठीक आहे, तिकडील कळवावे’ असे एक वाक्य घालण्याचा प्रघात होता. लिहिणारा कुणबी असो, व्यापारी असो की शाळेतला पंतोजी असो, हे वाक्य सहसा चुकत नसे. ‘पाऊसपाणी’ या एका शब्दात आमच्या वाडवडिलांचे बहुतेक सारे अर्थशास्त्र साठवलेले होते. पाऊस झाला की पीक आले, पीक आले की घरात दाणा आला, आणि दाणा आला की पोरेबाळे अंगाने भरली, अशी ती सरळ साखळी होय. ही साखळी खोटी नाही. परंतु ती वाटते तितकी सरळही नाही. ढगातून पडणारा थेंब आणि मुलाच्या मुखात पडणारा घास यांच्यामध्ये किती दारे आहेत व प्रत्येक दारावर कोण बसलेला आहे, हे शोधून काढण्यास आपल्या देशात सुमारे दीडशे वर्षे लागली. या शोधात सातारा जिल्ह्यात जन्मलेल्या दोन मराठी विद्वानांचा वाटा फार मोठा आहे. आणि त्या दोघांचा परस्परांशी जो वाद झाला, तो आजही संपलेला नाही. त्या वादाची हकीकत सांगणे व त्याचा निवाडा आपल्या घराशेजारच्या प्रदेशात लावून पाहणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

प्रथम थोडे मागे जाऊ. १८७६ ते १८७८ या तीन वर्षांत दक्षिणेत व कर्नाटकात जो भयंकर दुष्काळ पडला, त्या वेळी ‘माणसाला जगावयास किती धान्य लागते?’ हा प्रश्न सरकारदरबारी प्रथमच उघडपणे विचारला गेला. दुष्काळी कामांचा खर्च आटोक्यात ठेवण्यासाठी पाठविलेले सर रिचर्ड टेंपल यांनी १८७७ च्या जानेवारीत असे ठरविले की, कामावरच्या पुरुषास दररोज एक पौंड धान्य व वर अर्धा आणा एवढी मजुरी पुरे. मद्रास इलाख्याचे आरोग्याधिकारी डॉक्टर कॉर्निश यांनी या मापास कसून विरोध केला. दिवसभर खडी फोडणाऱ्या देहाला निदान दीड पौंड धान्य व सोबत डाळभाजी हवीच, असे त्यांचे म्हणणे होते. मुंबई इलाख्यात तर हजारो मजुरांनी कामे सोडून दिली, व पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू घेऊन सरकारकडे अर्जामागून अर्ज धाडले. आजच्या दृष्टीने पाहता हा वाद केवळ अर्ध्या पौंडाचा होता. पण त्या अर्ध्या पौंडात एक मोठे तत्त्व दडलेले होते. भुकेचे माप कोणी ठरवावयाचे, तिजोरीकडे पाहणाऱ्याने की देहाकडे पाहणाऱ्याने, हाच तो प्रश्न होय.

त्याच सुमारास, १८७६ मध्ये, दादाभाई नौरोजी यांनी हिंदुस्थानच्या दारिद्र्यावरचा आपला प्रसिद्ध निबंध वाचला. देशात दरडोई सुमारे वीस रुपयांचेच उत्पन्न होते, हा त्यातील आकडा सर्वांच्या तोंडी झाला; परंतु तो आकडा त्यांनी कोणत्या रीतीने काढला, याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. सरकारी अधिकारी पिकाची सरासरी काढताना निरनिराळ्या जिल्ह्यांतील एकरी उत्पन्नाचे आकडे नुसते मिळवीत व जिल्ह्यांच्या संख्येने भागीत. कोणत्या जिल्ह्यात ते पीक किती एकरांवर आहे, याचा विचारच करीत नसत. दादाभाईंनी ही चूक उघडी केली, व आपल्या हिशेबात क्षेत्राचे वजन घातले. नंतर त्या उत्पन्नाच्या शेजारी त्यांनी तुरुंगातील कैद्याच्या व परदेशी जाणाऱ्या कुलीच्या शिध्याचा खर्च मांडला, आणि विचारले की, कैद्याला जेवढे लागते तेवढे तरी निर्दोष रयतेच्या वाट्यास येते काय? पीक आणि पोषण या दोहोंस एकाच तराजूत घालण्याचा आपल्याकडील हा पहिला प्रयत्न म्हटला तरी चालेल.

पावसाचे शास्त्रही याच काळातले. हिंदुस्थानचे हवामान खाते १८७५ साली स्थापन झाले. १८९९-१९०० च्या दुष्काळानंतर, १९०४ साली, त्याचे प्रमुखपद घेणाऱ्या गिल्बर्ट वॉकर यांनी जगभरच्या वायुभाराचे आकडे पडताळून असे दाखविले की, पॅसिफिक महासागरावरील वायुभार व आपला मोसमी पाऊस यांचा काही दूरचा संबंध आहे. त्या आंदोलनास त्यांनी दिलेले नाव आजही शास्त्रात रूढ आहे. पेरूच्या किनाऱ्यावरचे पाणी तापले असता नगर-सोलापूरच्या शेतकऱ्याने आभाळाकडे का पाहत बसावे, याचा उलगडा पुढे त्यातूनच झाला. १८७७ आणि १९७२ ही दोन्ही आपल्याकडील दुष्काळाची साले त्या महासागरी उष्णतेची, म्हणजे एल निन्योची, साले होती.

आता दुसऱ्या दाराकडे, म्हणजे पिकाकडे वळू. पीक किती आले हे सांगण्याची आपली जुनी पद्धत म्हणजे आणेवारी. उत्तम पीक सोळा आणे धरावयाचे, व यंदाचे पीक त्या मानाने किती आणे आहे हे गावकामगारांनी व महसुली अंमलदारांनी नजरेने ठरवावयाचे. मुंबई इलाख्यात पीक सहा आण्यांच्या आत असल्यास निम्मा सारा व चार आण्यांच्या आत असल्यास संपूर्ण सारा तहकूब करावयाचा, असा नियम होता. साहजिकच अंमलदाराच्या नजरेला पीक चांगले दिसे व रयतेच्या नजरेला वाईट. १९१८ चा खेड्याचा सत्याग्रह याच नजरभेदावर उभा राहिला. लोक म्हणत पीक चार आण्यांहून कमी आहे, सरकार म्हणे अधिक आहे. तेथे जाऊन चौकशी करणाऱ्यांत भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर, नारायण मल्हार जोशी व अमृतलाल ठक्कर हे होते. एका आण्याच्या फरकाने जप्ती यावी किंवा टळावी, आणि तो आणा मोजण्यास मात्र डोळ्यांखेरीज दुसरे साधन नसावे, अशी ती विलक्षण स्थिती होती. रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर पैसे झाले, आणेवारीची पैसेवारी झाली, आणि पन्नास पैशांच्या आत पीक आले म्हणजे टंचाई समजावी, हा दंडक मात्र पुढेही चालू राहिला.

या डोळ्यांच्या अंदाजास मापाची शिस्त लावणाऱ्यांत पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचे नाव अग्रभागी घातले पाहिजे. सातारा जिल्ह्यातील बुध या गावी १९११ साली त्यांचा जन्म झाला. फर्ग्युसन महाविद्यालयातून पदवी घेऊन ते लंडनला गेले, व तेथे नेमन आणि पिअर्सन यांच्यासारख्या आचार्यांच्या सहवासात त्यांनी संख्याशास्त्राचा अभ्यास केला. परत आल्यावर १९४० पासून ते शेतकी संशोधनाच्या मध्यवर्ती परिषदेत काम करू लागले. नमुन्याची शेते चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे निवडावयाची, त्या शेतात ठराविक मापाचा तुकडा आखावयाचा, त्यातील पीक कापून, मळून, वाळवून तोलावयाचे, आणि त्यावरून सबंध जिल्ह्याचे अनुमान करावयाचे, अशी ती पीककापणी प्रयोगाची रीत होय. हबॅक नावाच्या अधिकाऱ्याने बिहार-ओरिसात १९२३ ते १९२५ या काळात ती भातावर करून पाहिलेली होती. सुखात्मे व विनायक गोविंद पानसे यांनी तिला देशव्यापी रूप दिले.

यात एक वाद उपस्थित झाला, तो वरवर क्षुल्लक पण मुळात फार बोधप्रद आहे. कलकत्त्याचे महालनोबिस हे लहान लहान वर्तुळे कापून अंदाज करीत. त्याने वेळ व पैसा वाचे. सुखात्म्यांनी १९४६ साली दाखवून दिले की, तुकडा फार लहान असला म्हणजे त्याचा परीघ क्षेत्राच्या मानाने मोठा होतो, आणि परिघावरचे रोप आत घ्यावे की बाहेर टाकावे अशी शंका आली असता कापणाऱ्याचा हात ते आतच घेतो. त्यामुळे लहान तुकड्यांचा अंदाज नेहमी फुगतो. त्यांनी म्हणून एकराचा ऐंशीवा भाग एवढा मोठा तुकडा धरला. मोजणाऱ्याची लबाडी मुळीच नसताही मोजण्याच्या रीतीतूनच पीक कागदावर वाढते, हा त्यांचा सिद्धान्त विसरण्याजोगा नाही. पुढे याच विद्वानाच्या दुसऱ्या एका मोजणीविषयी विचार करताना तो आपल्या उपयोगी पडणार आहे.

दुसरे विद्वान म्हणजे विनायक महादेव दांडेकर. यांचा जन्म १९२० साली साताऱ्यास झाला. योगायोग असा की, ज्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत त्यांनी आयुष्य वेचले, ती १९३० साली साताऱ्याच्याच रावबहादूर काळे यांच्या देणगीतून उभी राहिली होती. धनंजयराव गाडगीळ तिचे पहिले संचालक. त्यांच्या हाताखाली खेड्यापाड्यांच्या पाहण्यांची जी परंपरा निर्माण झाली, तीत दांडेकर तयार झाले. तेही मूळचे संख्याशास्त्राचेच. पावसाचा व पिकाचा लहरीपणा शेतकऱ्याच्या एकट्याच्या माथी मारू नये, तो समाजाने वाटून घ्यावा, हा विचार त्यांना फार प्रिय होता. म्हैसूरचे चक्रवर्ती यांनी १९२० साली पर्जन्यमापकाच्या आकड्यांवर शेतीचा विमा उतरविण्याची कल्पना मांडली होती. दांडेकरांनी १९७६ मध्ये पीकविम्याची जी योजना सुचविली, तिचा पाया पर्जन्यमापक नसून पीककापणीचे प्रयोग हा होता. प्रत्येक शेतकऱ्याचे नुकसान निरनिराळे मोजीत बसल्यास खर्चही भागणार नाही व खोटेपणासही वाव राहील; म्हणून सारख्या हवामानाच्या एका प्रदेशाची सरासरी घ्यावी, ती ठराविक मापाखाली गेल्यास त्या प्रदेशातील सर्व विमेदारांस भरपाई द्यावी, असे त्यांचे म्हणणे. १९८५ ची देशव्यापी योजना याच तत्त्वावर निघाली, आणि २०१६ साली सुरू झालेल्या योजनेतही तेच तत्त्व कायम राहिले. म्हणजे सुखात्म्यांनी घडविलेल्या मापावर दांडेकरांनी आपले घर बांधले, असे म्हणावयास हरकत नाही.

येथवर दोघांत विरोध नाही. विरोध आला तो तिसऱ्या दाराशी, म्हणजे माणसाच्या देहाशी.

सुखात्मे जागतिक अन्न व शेती संघटनेच्या संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख म्हणून रोमला गेले, व १९७१ पर्यंत तेथे होते. जगातील दोनतृतीयांश माणसे भुकेली आहेत, असे त्या संघटनेचे पहिले प्रमुख लॉर्ड बॉइड ऑर सांगत असत. सुखात्म्यांनी १९६१ साली लंडनच्या राजमान्य संख्याशास्त्र सभेपुढे निबंध वाचून तो आकडा तपासून पाहिला. पोटभर उष्मांकच न मिळणारी माणसे शेकडा दहा ते पंधरा, व कोणत्या ना कोणत्या प्रकारे कुपोषित अशी माणसे जास्तीत जास्त निम्मी, असा त्यांचा निष्कर्ष होता. पुढे सगळे जग ‘प्रथिनांचा दुष्काळ’ म्हणून ओरडू लागले, तेव्हाही त्यांनीच सांगितले की, आपल्या गरिबाची डाळभाकरी पुरेशी मिळाली तर तीतून प्रथिनेही बहुधा पुरेशी मिळतात. उणीव आहे ती अन्नाची. हे म्हणणे पुढे बहुतेक शास्त्रज्ञांस मान्य झाले. येथे सुखात्म्यांचा थोरपणा दिसतो. लोकप्रिय आकड्यास भिऊन ते कधी मागे सरले नाहीत.

इकडे १९७१ च्या प्रारंभी दांडेकर व नीलकंठ रथ यांचा ‘भारतातील दारिद्र्य’ हा निबंध प्रसिद्ध झाला. दररोज दरडोई २२५० उष्मांक मिळतील अशा आहाराकरिता लोक प्रत्यक्षात किती खर्च करतात, हे पाहून त्यांनी १९६०-६१ च्या भावाने ग्रामीण भागास महिना पंधरा रुपये व शहरास साडेबावीस रुपये अशी रेषा आखली. त्या रेषेखाली खेड्यांतील सुमारे शेकडा चाळीस व शहरांतील सुमारे शेकडा पन्नास लोक होते. उपाय म्हणून त्यांनी सार्वजनिक कामांतून रोजगार पुरविण्याचा आग्रह धरला. लगेच पुढल्या वर्षी, १९७२ मध्ये, महाराष्ट्रात घोर अवर्षण झाले. १९७३ च्या मे महिन्यात दुष्काळी कामांवर सुमारे पन्नास लाख माणसे होती. पीक बुडाले, पण १८७७ प्रमाणे माणसांचे लोंढे मृत्यूच्या दाढेत गेले नाहीत; कारण पीक नसले तरी हातात मजुरी होती. विठ्ठल सखाराम पागे यांच्या प्रयत्नाने रोजगार हमीचा कायदा १९७७ साली संमत झाला व १९७९ च्या २६ जानेवारीपासून अमलात आला. पीक आणि पोषण यांच्यामध्ये ‘मजुरी’ नावाचे एक दार असते, व सरकारला ते उघडता येते, हा धडा महाराष्ट्राने स्वतःच्या अनुभवाने घेतला.

याच सुमारास निवृत्त होऊन पुण्यास परतलेल्या सुखात्म्यांनी दारिद्र्यरेषेच्या मुळावरच प्रश्न उपस्थित केला. त्यांचे प्रतिपादन थोडक्यात असे. एकाच माणसाचे खाणे दिवसागणिक व आठवड्यागणिक बदलते; काम तेच, वजन तेच, तरी कधी तो अधिक खातो, कधी कमी. देह काही मर्यादेपर्यंत आपल्या खर्चाचे मान स्वतःच सांभाळून घेतो. तेव्हा सरासरी गरजेखाली असलेला प्रत्येक माणूस उपाशी, असे समजणे अशास्त्रीय आहे. स्वाभाविक चढउताराची जी खालची सीमा, तिच्याही खाली जो सतत असेल, तोच खरा अर्धपोटी. अमेरिकेतील शेल्डन मार्गेन यांच्यासह मांडलेला हा सिद्धान्त दोघांच्या नावाने ओळखला जातो. तो स्वीकारला की भुकेल्यांची संख्या निम्म्यावरून एकदम बरीच खाली येते.

यावर मोठे रण माजले. १९८१ व १९८२ साली दांडेकरांनी दारिद्र्याच्या व न्यून पोषणाच्या मोजमापावर लेख लिहून उत्तर दिले. दारिद्र्य आणि न्यून पोषण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा त्यांचा मुख्य मुद्दा होता. दारिद्र्यरेषा ही राहणीमानाची रेषा आहे, वैद्याची मात्रा नव्हे. माणूस कमी खाऊन जगू शकतो असे सिद्ध झाले, म्हणून तो गरीब नाही असे होत नाही. पोषणशास्त्राचे आचार्य डॉक्टर गोपालन यांनी दुसऱ्या बाजूने हल्ला केला. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ सेक्लर यांनी सुखात्म्यांच्या पुढे एक पाऊल टाकून ‘लहान पण निरोगी’ अशी कल्पना काढली होती. म्हणजे गरिबांची मुले ठेंगणी राहतात, पण ठणठणीत असतात. गोपालन यांनी विचारले की, ही लहानपणाची निरोगिता गरिबांसाठीच का राखून ठेवावी? श्रीमंतांना ती का नको?

या वादात आज निवाडा कसा करावा? सुखात्म्यांना गरिबांविषयी आस्था नव्हती, असे म्हणणे हा शुद्ध अन्याय होईल. केवळ धान्य वाटून भागणार नाही. दूषित पाण्याने जुलाब होणाऱ्या मुलाच्या पोटात गेलेले अन्नही अंगी लागत नाही, म्हणून स्वच्छ पाण्याकडे लक्ष द्या, असे ते उत्तरायुष्यात कळकळीने सांगत राहिले. एका दिवसाच्या किंवा एका आठवड्याच्या जेवणावरून कोणास उपाशी ठरवू नका, हा त्यांचा इशाराही योग्यच आहे. परंतु त्यांनी गृहीत धरलेला देह हा वाढ पुरी झालेल्या माणसाचा देह होता. अशा देहात आजची तूट उद्या भरून निघते, आणि सरासरी तेवढीच राहते. मुलाचे तसे नाही. त्याच्या वाढीला प्रत्येक महिन्याचे वेगळे देणे असते. खर्चाच्या वहीत आषाढातली तूट मार्गशीर्षात भरून काढता येईल. वाढीच्या वहीत ती पूर्णपणे भरून निघतेच असे नाही, आणि गर्भावस्थेपासून दोन वर्षांपर्यंतच्या सुमारे हजार दिवसांत पडलेली तूट तर बहुधा जन्मभर राहते. शिवाय मूल कमी अन्नात ‘सांभाळून घेते’ ते कसे? ते खेळणे कमी करते, गप्प बसते, उंची सोडून देते. ही तडजोड देह करतो हे खरे. पण तिची किंमत देहच भरतो. पीककापणीत परिघावरचे रोप आत ओढले म्हणजे पीक कागदावर फुगते, हे ज्यांनी शिकविले, त्यांच्याच पोषणाच्या मोजणीत परिघावरची मुले ‘पुरेशा’ रकान्यात ओढली गेली, असे मोठ्या आदराने पण स्पष्टपणे म्हणणे भाग आहे.

हा निवाडा पुस्तकी वाटू नये, म्हणून आपल्या शेजारी पाहू. विरारच्या पूर्वेस मनवेलपाडा म्हणून जो भाग आज इमारतींनी भरून गेला आहे, त्याच्या नावातील ‘पाडा’ हा शब्द उत्तर कोकणात लहान वस्तीस लावतात. मनवेलपाड्यात तो शब्द आता फक्त पत्त्यात उरला आहे. याच पालघर जिल्ह्यातील जव्हार-मोखाड्यात तो अजून पंधरा-वीस झोपड्यांचा जिवंत पाडा आहे. २०१४ साली ठाण्यातून हा जिल्हा निराळा झाला. एका दिवसात जाऊन परत यावे इतक्या अंतरावर ही दोन जगे आहेत.

आणि येथेच ‘पाऊसपाणी’ या शब्दातले जुने अर्थशास्त्र अडखळते. जव्हार-मोखाड्याचा डोंगराळ मुलूख काही अवर्षणाचा नाही. तेथे वर्षास अडीच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तरीही १९९२ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथील बालमृत्यूंनी सारा महाराष्ट्र हादरला, व २०१६ मध्ये मोखाड्यातील बालमृत्यूंनी तीच आठवण पुन्हा जागी केली. याचे कारण पावसाच्या बेरजेत सापडत नाही, ते त्याच्या वेळापत्रकात व जमिनीच्या जातीत सापडते. उताराच्या वरकस जमिनीवर नागली, वरई व थोडे भात होते. पाणी वाहून जाते, दुसरे पीक घेण्यास ओल उरत नाही. कापणी झाली की माणसे वीटभट्ट्यांवर मजुरीस उतरतात, मुलेही त्यांच्याबरोबर जातात. पावसाच्या तोंडाशी परत यावे तो घरातला दाणा संपत आलेला असतो. आषाढ-श्रावणात शेतात सर्वांत अधिक कष्ट, घरात सर्वांत कमी धान्य, आणि पाण्यातून येणारे रोग मात्र ऐन भरात, अशी तिहेरी गाठ त्या महिन्यांत पडते. आई दिवसभर चिखलणीत, दूधपिते मूल मोठ्या बहिणीच्या कडेवर. त्या महिन्यांत कोणाची सरासरी कोणाच्या कामास येणार?

ही नवी गोष्ट नव्हे. मुंबई सरकारने नेमलेल्या सिमिंग्टन यांच्या आदिवासींविषयीच्या १९३९ च्या अहवालात ‘खावटी’चे वर्णन आहे. पावसाळ्यात सावकाराकडून खाण्यापुरते धान्य उसने आणावयाचे व कापणीला ते दीडीदुपटीने फेडावयाचे, हा तो व्यवहार. म्हणजे वारली शेतकऱ्याचे पीक मळणीच्या आधीच दुसऱ्याचे झालेले असे. १९४५ साली डहाणू-उंबरगावच्या वारल्यांनी वेठीविरुद्ध व सावकारीविरुद्ध जो लढा दिला, त्यामागे ही श्रावणातली भूक होती. पुढे सरकारने स्वतः खावटी कर्जाची योजना काढली. त्यावरून त्या दोन महिन्यांचे दुखणे किती जुनाट आहे हे दिसून येते.

आता आकडे पाहू. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील मुलांपैकी शेकडा ३५.२ मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली आढळली, शेकडा ३६.१ मुलांचे वजन कमी होते, व शेकडा २५.६ मुले उंचीच्या मानाने रोडावलेली होती. हा शेवटचा आकडा साऱ्या देशाच्या शेकडा १९.३ या आकड्याहून मोठा आहे, आणि २०१५-१६ च्या पाहणीतही तो नेमका तेवढाच होता. देशातील सधन प्रांतांत गणल्या जाणाऱ्या महाराष्ट्राची ही स्थिती आहे. रोडावलेपण हे ताज्या उपासमारीचे व आजाराचे चिन्ह होय. खुंटलेपण हे जुन्या. या मुलांना ‘लहान पण निरोगी’ म्हणावयास कोणाची जीभ धजेल असे वाटत नाही.

यापुढे हवामान स्वतःच बदलत आहे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतील रॉक्सी यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखविले की, १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात अतिवृष्टीचे विस्तृत प्रसंग तिपटीने वाढले, आणि तेही मोसमी पावसाची एकंदर बेरीज घटत असताना. वर्षाची बेरीज मोजणाऱ्याला यात विशेष काही दिसणार नाही; ज्याची उतारावरची रोपे एका रात्रीत वाहून गेली, त्याला सर्व काही दिसेल. शिवाय हवेतील कर्बवायू वाढला असता तांदूळ व गव्हातील लोह, जस्त व प्रथिने घटतात, असे २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांवरून आढळून आले. मका-ज्वारीसारख्या धान्यांवर तो परिणाम पुष्कळ कमी. म्हणजे पीक तोलात भरूनही घास हलका होऊ शकतो. चुन्याच्या अंशाने समृद्ध अशी नागली सोडून स्वस्त भाताकडे वळणाऱ्या डोंगरी पाड्याला ही सूचना वेळीच मिळालेली बरी.

तेव्हा दोघां सातारकरांकडून आपण काय घ्यावे? दांडेकरांकडून हे की, पावसाच्या लहरीचे ओझे समाजाने वाटून घ्यावे. मात्र त्यांच्या विम्याचा प्रदेश जेवढा मोठा, तेवढा डोंगरावरचा पाडा खालच्या सपाटीच्या सरासरीत बुडून जातो, हे ध्यानात ठेवावे. आज महाराष्ट्रात तो प्रदेश म्हणजे महसूल मंडळ. मंडळाचे पीक ठीक आले, आणि पाड्याचे गेले, तर कागदावर नुकसान झालेच नाही असे ठरते. सुखात्म्यांकडून हे घ्यावे की, भुकेबरोबर पाण्याकडेही पाहावे, व कोणताही आकडा, तो कितीही सोयीचा असो, तपासल्यावाचून मानू नये. आणि दोघांकडूनही हे घ्यावे की, मोजमाप ही कोरडी विद्या नव्हे. रेषा चार बोटे खाली घेतली की लक्षावधी मुले हिशेबातून बाहेर पडतात. २०१५ पासून महाराष्ट्रात आदिवासी भागातील गर्भवती व स्तनदा मातांना एक वेळचे पूर्ण जेवण देण्याची योजना चालू झाली, ती योग्य दिशेची आहे. पण तिची परीक्षा वर्षाच्या सरासरीने घेऊ नये. ती आषाढात घ्यावी, ओढ्याला पूर आला असताना अंगणवाडीपर्यंत तांदूळ पोचला की नाही, यावर घ्यावी.

शेवटी एक गोष्ट आपणा शहरवासीयांस लागू आहे. सूर्या नदीवरील धरण मुळात डहाणू-पालघरकडच्या शेतीला पाणी मिळावे म्हणून योजलेले होते. आज त्या पाण्याचा मोठा भाग वसई-विरारच्या नळांना येतो. त्याबद्दल कोणी एका कुटुंबास दोषी धरावे असे नाही. तहान सर्वांनाच आहे. परंतु ज्या पाण्यावर डोंगराखालच्या शेतात उन्हाळी पीक उभे राहिले असते, आणि कदाचित काही माणसांचे वीटभट्टीवर जाणे टळले असते, ते पाणी आपण पितो, एवढे तरी आपणांस ठाऊक असावे. पूर्वीच्या पत्रातला प्रश्न आपण अजूनही विचारावा. फक्त तो थोडा लांबवावा. पाऊस किती झाला एवढ्यावर न थांबता, तो कोणाच्या शेतात मुरला, कोणाच्या घरात त्याचा दाणा झाला, आणि श्रावण संपेपर्यंत तो दाणा कोणाच्या ताटात उरला, हेही कळवावे असे लिहावे.